बर्फातल्या वाटेवर तट्टू आणि दोनचाकी गाडी: नाल ठेवावेत की काढावेत?

वाटकरी:
तट्टू १२२ सेंमी उंच, वजन साधारण २५० किलो. दोनचाकी हलकी गाडी ७० किलोची, हवेचे टायर. मी आणि सामान मिळून ८५ किलो. वाट जंगलातली, चढउताराची, मध्ये एक गोठलेला ओढा. बर्फ १० ते १५ सेंमी, तापमान उणे ५ ते उणे १२. सध्या चारही पायांत साधे लोखंडी नाल आहेत. ते तसेच ठेवून निघालं तर चालेल का? गाडीला हातब्रेक आहे, उतारावर तेवढा पुरे का? आणि एवढ्या दाट केसांच्या जनावराला घाम आला तर काय करायचं?

टापटीप:
साध्या नालांवर निघू नका. तळव्याच्या उबेने बर्फ वितळतो आणि थंड लोखंडाला लागून पुन्हा गोठतो. थरावर थर चढून खुराखाली टणक गोळा तयार होतो. मग तट्टू उंच, डुगडुगत्या गोट्यावर उभं राहिल्यासारखं चालतं आणि घोटा मुरगळतो किंवा शीर ताणली जाते. तळव्याला व्हॅसलीन चोपडायचा उपाय बरेच जण सांगतात. सुरुवातीला उपयोग होतो, पण थोड्या वेळात पुसलं जातं.

माझं मत, हिवाळाभर नाल काढाच. उघड्या खुरातून बर्फ आपोआप सुटतो. नाल ठेवायचेच असतील तर नालबंदाकडून आत बर्फ न धरणारे रबरी पॅड आणि टंगस्टन कार्बाइडचे बुटके स्टड, म्हणजे नालाखाली पकड देणारे खिळे, बसवून घ्या. उंच स्टड नकोत. पाय जमिनीवर टेकताना किंचित सरकायला हवा, तो जागीच अडकला तर सगळा झटका सांध्यांना बसतो. काही झालं तरी खूर साफ करायचा आकडा खिशात हवा. पिशवीच्या तळाशी असलेला आकडा ऐन वेळी हाती लागत नाही.

खोगीरभरती:
वरच्या प्रतिसादात एक भर. नाल आज काढून उद्या वाटेवर निघायचं नसतं. खुराची कड आणि तळवा टणक व्हायला तीन-चार आठवडे द्या, नाहीतर गोठलेल्या चिखलाच्या खाचांवर तळवा ठेचकाळतो. आणि निव्वळ काचेसारख्या बर्फावर उघडा खूरही घसरतो. तसा पट्टा वाटेत असेल तर स्टड लावलेले खुराचे बूट बरोबर ठेवा.

आता साज. उतारावर हातब्रेकवर विसंबू नका. चाक जाम झालं की बर्फावर ते फिरत नाही, घसरतं, आणि गाडी आडवी जाते. गाडी थोपवायचं काम मांड्यांमागच्या पट्ट्याचं, म्हणजे ब्रीचिंगचं. हा पट्टा ढुंगणाच्या हाडाच्या जरा खाली, आडवा बसला पाहिजे. फार खाली असला तर उतारावर मागचे पाय पुढे ढकलतो, आणि निसरड्यावर तट्टू चक्क बसतं. फार वर असला तर शेपटीखाली सरकतो. ओढायचे पट्टे ताणलेले असताना ब्रीचिंग आणि अंग यांच्यात तळहात आडवा मावेल एवढी जागा ठेवा.

जुंपताना आधी ओढायचे पट्टे, मग ब्रीचिंग. सोडताना उलट. गाडी जोडलेली असताना तोंडावरचा साज कधीही उतरवू नका.

तंग, म्हणजे साज अंगावर कसून धरणारा पोटाखालचा पट्टा, दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. हिवाळी केस दबले की तो सैल पडतो. कडियाळं, म्हणजे तोंडात घालायची लोखंडी कांडी, कोमट पाण्यात धरून किंवा कोटाच्या आत ठेवून गरम करा. गोठलेलं लोखंड जिभेला चिकटलं तर सालटं निघतं, आणि पुढच्या वेळी तट्टू तोंड उघडायलाच तयार होत नाही.

टायरची हवा बाहेरच्या थंडीत पाहा. घरात १५ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर उणे १० ला २६ च्या आसपास येतो.

रास_धरा:
वजनाबद्दल कुणीच बोललं नाही. पक्क्या सपाट रस्त्यावर धडधाकट तट्टू स्वतःच्या वजनाइतकं चाकांवर ओढतं. बर्फात मी त्याचं अर्धं धरतो, म्हणजे तुमच्यासाठी १२५ किलो. तुमचे होतात १५५. सपाटीवर एकवेळ खपेल, पण चढावर खाली उतरून बाजूने चाला. जाड कपडे, घोंगडी, पिशवी असं सगळं सीटमागे गेलं की तट्टूच्या दोन्ही बाजूंचे गाडीचे दांडे वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा कचतो. सामान आसाच्या वर येईल असं ठेवा.

ओढा गाडीसकट ओलांडू नका. वाहत्या पाण्यावरचा बर्फ एका जागी जाड, तर हातभर पुढे पातळ असतो. वळसा घ्या.

घामाचं गणित वेगाचं आहे. पहिली पंधरा मिनिटं नुसती चाल, ताज्या बर्फात दुडकी अगदी थोडी, आणि शेवटचा दीड किलोमीटर पुन्हा चालच. थांबल्यावर दहा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली यायला हवी. न आल्यास पुढच्या वेळी अंतर कमी करा. ओल्या अंगावर वॉटरप्रूफ झूल टाकू नका, वाफ आतच कोंडते. आधी टॉवेलने केस उलटे चोळा, मग लोकरी किंवा फ्लीसची झूल टाका. ती वरून दवासारखी ओली झाली की बदला. रोज घामेजत असेल तर मान आणि पोटाखालचे केस कातरून घ्या.

पाणी कोमट द्या. बर्फगार पाणी जनावर कमी पितं, सुकं गवत आतड्यात अडतं आणि पोटदुखी उठते. २५० किलोच्या तट्टूला दिवसाला १२ ते १५ लिटर लागतं, सोबत २५ ग्रॅम मीठ. बर्फ चाटतंय म्हणजे पाणी मिळालं असं धरू नका.

वाटकरी:
नालबंदाला बोलावतो, महिनाभर थांबतो. बर्फ २० सेंमीच्या वर गेला तर चाकांऐवजी घसरगाडी जोडावी का?

खोगीरभरती:
हो, तेवढ्यात अरुंद चाकं रुततात आणि ओढ दुप्पट वाटते. पण घसरगाडीला ब्रेक नाही, ब्रीचिंगशिवाय जोडूच नका. आवाजही नसतो, म्हणून साजाला घुंगरू बांधा, समोरच्याला चाहूल लागते. थांबलात की घसरगाडीखालच्या, घासून तापलेल्या पट्ट्या बर्फाला चिकटून गोठतात. निघताना सरळ ओढायला लावू नका. तट्टूला आधी एक पाऊल बाजूला वळवा, पट्ट्या सुटल्याचा कर्र आवाज येऊ द्या, मगच पुढे हाका.