मदत हवी आहे: निनावी चिठ्ठीत आत्महत्येचा विचार निघाला तर?

मानसिक आरोग्यावर 90 मिनिटांचं सत्र, साधारण 30 जण. नुसत्या माहितीने मनातली अढी जात नाही; ‘मेंदूचा आजार’ म्हटलं की दोष देणं कमी होतं, पण भीती वाढू शकते. म्हणून आजारातून सावरलेल्या व्यक्तीशी थेट गप्पा ठेवल्यात. ते जमतंय.

अडतंय प्रश्नपेटीपाशी. हात वर करून कोणी विचारत नाही, म्हणून निनावी चिठ्ठ्या. कोणाची चिठ्ठी ते कळावं म्हणून त्यांना क्रमांक टाकून पाहिले, तर निम्म्या कोऱ्याच आल्या. पीएचक्यू-9 (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) गटात भरून घेणार नाही. नववा प्रश्नच स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर असतो, समुपदेशक शेवटपर्यंत थांबतात.

‘जगावंसं वाटत नाही’ अशी चिठ्ठी निघाली तर ती मोठ्याने वाचावी का? आणि नेमकं काय बोलावं, म्हणजे लिहिणारा चारचौघांत उघडा न पडता समुपदेशकांपर्यंत पोचेल?