आईच्या पापण्या उतरल्यात, ऑपरेशन करावं की आधी बोटॉक्स?

पेठेतली_पोर
मंडळी जरा सल्ला हवाय. आई ६३ ची, गेली दोनतीन वर्षं दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीची कातडी सैल होऊन पार पापणीच्या केसांवर टेकायला लागलीय. टिकली लावताना एका हाताने पापणी वर धरते, तांदूळ निवडताना मान मागं टाकून बघते आणि संध्याकाळी कपाळ दुखतंय म्हणून बाम चोळत बसते. चष्मा बदलून आणला तरी तेच. त्यात भावाचं लग्न ठरलंय तर मावशी म्हणाली आठ्या पण लई पडल्यात, आधी बोटॉक्सचं इंजेक्शन मारून घे, पंधरा मिनिटांत घरी. राजारामपुरीत एका ठिकाणी गेलो तर बाईंनी आईकडे नीट बघितलं पण नाही, थेट रेट सांगितला. बाबा म्हणतात या वयात कशाला नटायचं.

रंकाळा_राउंड
काकूंना आहे तसं राहू द्या की, आमच्या आजीच्या पण अशाच होत्या, काय अडलं नाही तिचं.

सून_नंबर_दोन
दादा तुमच्या आजीचं अडलं नसंल, पण या टिकली लावताना पापणी धरतात म्हणतेय ना ती. ताई, बोटॉक्स आधी अजिबात नको. माझ्या सासूबाईंचं हेच झालं. पापणी जड झाली की माणूस नकळत भुवया वर ओढून बघतो, दिवसभर, म्हणून आठ्या पडतात आणि कपाळ पण दुखतं. आम्ही कपाळाला बोटॉक्स दिलं, त्याने भुवया वर ओढणारा तोच कपाळाचा स्नायू ढिला पडला, आठवड्यात आठ्या गेल्या खऱ्या पण भुवया खाली आल्या आणि होतं तेवढं दिसायचं पण कमी झालं. त्याला उतारा नाही, असर उतरायला तीन चार महिने लागतात, तोवर सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं ते इथं नको. नंतर पापणीचं ऑपरेशन केलं, जागा बधिर करून, टाके सहाव्या दिवशी काढले, दोन आठवडे डोळे काळेनिळे. त्या ॲस्पिरिन घ्यायच्या, ती बंद करायची का ते हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरवलं, तुम्ही पण मनाने बंद करू नका. घरी आल्यावर डोळा ठणकून दुखला किंवा दिसायचं कमी झालं तर रात्र असली तरी लगेच उचलून आणा असं बजावलं होतं.

मिरजेचा_चष्मेवाला
मी डोळे तपासायच्या कामात आहे, डॉक्टर नाही. नुसती कातडी लोंबणं वेगळं आणि पापणी उचलणारा स्नायूच सैल पडणं, ज्याला टोसिस म्हणतात, ते वेगळं. ऑपरेशन पण वेगळं, टोसिसला नुसती कातडी काढून उपयोग नाही. म्हणून ऑक्युलोप्लास्टीवाल्या, म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरलाच दाखवा. पापणी चिकटपट्टीने वर करून आणि न करता, दोन्ही वेळा फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना वर आणि बाजूला किती दिसतं ती तपासणी, करून घ्या, फरक आला तर तो कागद विम्याला लागतो. नुसतं सौंदर्यासाठी म्हटलं की क्लेम गेलाच, आणि नजर अडतेय हे दाखवलं तरी आधी मंजुरी मागा. डोळे कोरडे असतील तर तेही आधी सांगा, कातडी जास्त कापली गेली तर झोपेत डोळा पुरता मिटत नाही. आणि एक सांगा, सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी जास्त खाली, दोन दोन दिसतं, असं काही? तसं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकायचा आजार, आहे का बघावं लागतं. एकच पापणी अचानक पडली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल.

पेठेतली_पोर
नाही दादा, दोन्ही सारख्या आणि दिवसभर तेवढ्याच. वहिनी, तुमचं वाचून आत्ता आईला खुर्चीत बसवलं, दोन्ही पापण्या माझ्या बोटांनी अलगद वर धरल्या आणि कपाळ सैल सोड म्हटलं. आठ्या निम्म्या गेल्या हो! बाबा पेपर खाली ठेवून बघायला लागले. आई म्हणाली, अगं समोरच्या कॅलेंडरवर गणपती आहे होय, मला वाटलं दत्त. बोटॉक्सवालीला नाही म्हणून फोन केला, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय, बाबाच नंबर लावायला निघालेत.