लोकप्रिय कादंबरीवरचा चित्रपट तिकीटबारीवर नेमका कशामुळे चालतो?

अनुस्वार
सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर संजय जाधव यांनी केलेला चित्रपट २०१३ साली तुफान चालला. त्याच्या आदल्याच वर्षी मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर सुजय डहाके यांचा चित्रपट आला होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, जाणकारांनी वाखाणले, पण गल्ल्याच्या बाबतीत तो ‘दुनियादारी’च्या जवळपासही गेला नाही. दोन्ही कादंबऱ्यांना तरुण वाचकांनीच डोक्यावर घेतले होते. मग फरक कशाने पडला? मूळ पुस्तकाशी इमान राखण्याचा धंद्याशी काही संबंध असतो का? कोणता चित्रपट सरस, हा वाद कृपया येथे नको.

मध्यंतर
प्रथम साधा हिशेब मांडून पाहू. मराठी कादंबरीची एक आवृत्ती सर्वसाधारणपणे हजार-दोन हजार प्रतींची असते. एखाद्या पुस्तकाच्या तीस आवृत्त्या निघाल्या आणि ग्रंथालये व उसनवारी जमेस धरून प्रत्येक प्रत दहा जणांनी वाचली असे मानले, तरी वाचकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास जाते. हे सर्वच्या सर्व वाचक दीडशे रुपयांचे तिकीट काढून आले (जे कधीच घडत नाही), तरी जमा होतात पावणेसात कोटी. ‘दुनियादारी’ने वीस कोटींचा टप्पा ओलांडल्याचे सांगितले जाते. याचा अर्थ, ज्यांनी ते पुस्तक कधी हातातही धरले नव्हते अशा प्रेक्षकांनीच तो चित्रपट मोठा केला.

असा प्रेक्षक येतो कशासाठी, हे ‘नटरंग’मध्ये फार स्पष्ट दिसते. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. विषय तसा बोचरा, सहकुटुंब पाहायला जावे असा मुळीच नाही. परंतु कथा फडाची असल्यामुळे लावणी तिच्यात बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही. जानेवारी २०१०मध्ये चित्रपट लागला आणि अजय-अतुल यांची ‘वाजले की बारा’ व ‘अप्सरा आली’ ही गाणी लग्नाच्या वरातींपासून गणपतीच्या मांडवांपर्यंत सगळीकडे वाजू लागली. अशी जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही. ‘दुनियादारी’लाही ‘टिक टिक वाजते डोक्यात’ने हेच दिले. ‘शाळा’ची खरी गंमत मात्र नववीतल्या मुकुंदाच्या मनातल्या बोलण्यात आहे. वाचताना पानोपानी हसू येते, पण ते बोलणे गाण्यासारखे चित्रपटातून सुटे होऊन गावभर फिरू शकत नाही.

कट्टेकरी
हिशेब मान्य आहे, पण आपण वाचकाला फारच स्वस्तात काढले आहे. मराठी चित्रपटाचा निकाल बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांतच लागतो. सोमवारी खेळ कमी झाले की गाणी कितीही गाजोत, प्रेक्षकाला सोयीच्या वेळेचे तिकीटच मिळत नाही. त्या पहिल्या शुक्रवारी-शनिवारी चित्रपटगृह भरणारा माणूस म्हणजे ‘दुनियादारी’तल्या दिघ्या आणि एम. के. श्रोत्री या पात्रांना तोंडपाठ ओळखणारा वाचक. तो स्वतः येतो, चार मित्रांना ओढून आणतो, आणि पुस्तकात असे नव्हते म्हणून भांडतो तेव्हाही चित्रपटाचा बोलबालाच करत असतो. शिवाय ‘दुनियादारी’ जुलैत, कॉलेजे नुकतीच सुरू झालेली असताना लागला. पुढे ऑगस्टमध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा ‘दुनियादारी’चे पडदे जाऊ नयेत म्हणून राजकीय पक्षांनाही मध्ये पडावे लागले. पहिल्या आठवड्यांत गर्दी झाली नसती, तर त्याच्यासाठी कोण कशाला भांडले असते?

बखरकार
‘छावा’ची गोष्ट थोडी निराळी आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. परंतु २०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या लक्ष्मण उतेकरांच्या हिंदी चित्रपटाने देशात पाचशे कोटींहून अधिक कमाई केली, त्यात महाराष्ट्राबाहेरच्या किती प्रेक्षकांनी सावंतांचे नाव ऐकले असेल? तेथे संभाजी महाराजांचे बलिदान आणि विकी कौशल या दोन गोष्टींनी तिकिटे विकली. शिवजयंती पहिल्याच आठवड्यात यावी, अशी १४ फेब्रुवारी ही तारीखही मिळाली.

मात्र या यशात पटकथेचा एक निर्णय मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. जाडजूड कादंबरीतले बालपण, आग्र्याची स्वारी, गृहकलहाचे लांबलचक ताणेबाणे हे बहुतेक सारे वगळून किंवा उरकून चित्रपट थेट बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून सुरू होतो आणि संगमेश्वर, तुळापूर या दिशेने सरळ जातो. कादंबरीवर जीव असलेल्या माझ्यासारख्याला येसूबाईंचे दालन इतके आखडलेले पाहून वाईट वाटले. पण अडीच-पावणेतीन तासांत सर्व काही थोडे थोडे दाखवले असते, तर शेवटच्या अर्ध्या तासाला एवढी धार आली नसती, आणि प्रेक्षक तो अर्धा तास पाहूनच डोळे पुसत बाहेर पडत होता व दुसऱ्याला सांगत होता.

मध्यंतर
कट्टेकरी, पहिल्या शुक्रवारचा मुद्दा मान्य. तेवढ्यापुरते वाचकाचे ऋण मी वाढवून घेतो. तरीही अनुस्वार यांच्या इमानाच्या प्रश्नावर माझे मत कायम आहे: निर्माता हक्क घेतो ते नावासाठी आणि पात्रांसाठी. प्रसंग किती ठेवायचे, हे त्याला पटकथाकारावर सोडावेच लागते.