मदत हवी आहे: बाइकमधून टक टक आवाज, परवा पहाटे निघायचंय

गुहागरी_पुण्यात
गाडीतून टक टक आवाज येतोय. आधी अजिबात नव्हता. ऑइल बदललं, फरक शून्य. परवा पहाटे गणपतीला गावी निघायचंय, मागे बायको आणि दोन बॅगा. गॅरेजवाला म्हणतो ठेवून जा, गणपती झाले की बघतो. म्हणून घरीच करणार आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कसं सेट करायचं तेवढं सांगा. लवकर प्लीज.

सुटा_नट
गाडी कुठली? आवाज उभ्या गाडीत येतो की चालवताना? रेस वाढवली की वाढतो का?

गुहागरी_पुण्यात
स्प्लेंडर हो. आवाज खालून येतो. टॅपेटचं सांगा ना.

बुलेटवेडा
टॅपेट म्हणजे दहा मिनिटांचं काम. इंजिन गार असताना पिस्टन टॉपला आणा, साइडचं झाकण काढा, पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, दोन बोटांत धरा. गोल फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. बस्स. माझी जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे, आजवर कुणाला हात लावू दिला नाही.

सुटा_नट
बुलेटवेडा, स्प्लेंडरला पुशरॉड आणायचा कुठून? कॅम वर हेडमध्ये असतो, टायमिंग चेनवर फिरतो. तिथे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो, बोटं नाही.

बुलेटवेडा
तत्त्व तेच आहे. आजकालच्या पोरांना गेजशिवाय काही कळत नाही. कान पाहिजे कान.

चिकट_माणूस
ऑइल कुठलं टाकलंत? पातळ ऑइलने आवाज येतोच. २०डब्ल्यू५० टाका, गप्प होते गाडी. मी तर कारच्या सर्व्हिसिंगमधलं उरलेलंच टाकतो, काही होत नाही.

सुटा_नट
कृपा करून हे कुणी करू नका. या गाड्यांची क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच सरकायला लागते. डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्यायचं. आणि घट्ट ऑइलने आवाज दबतो, कारण जात नाही.

चिकट_माणूस
माझी सरकली नाही.

घाटवाला
ताम्हिणीने जाणार की कुंभार्लीने? ताम्हिणीत पावसाने कडेला शेवाळ धरलेलं असतं, डबल सीट असाल तर जपून. वरंध पावसात बऱ्याचदा बंदच असतो.

गुहागरी_पुण्यात
रस्ता नाही विचारलाय.

एसटीतला_जुना
मी वर्कशॉपमध्ये होतो, रिटायर झालो. आधी टॅपेट विसर आणि एवढं कर. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला क्लच दाब, न्यूट्रल कर, गाडी नुसती घरंगळू दे. आवाज इंजिनाच्या आरपीएमबरोबर खाली आला तर इंजिन. गाडीच्या स्पीडबरोबर चालूच राहिला तर इंजिनाला हात लावायचा नाही, चाक नि चेन बघायची. बघून इथे लिही.

गुहागरी_पुण्यात
करून आलो. काका, न्यूट्रलमध्येही येतोय! गाडी हळू झाली की टक टकसुद्धा हळू होते. उभ्या गाडीत रेस केली तर काहीच नाही.

सुटा_नट
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर.

बुलेटवेडा
मग कोनसेट, हँडलचं बेअरिंग, गेलाय. शंभर टक्के.

सुटा_नट
कोनसेटचा आवाज खड्ड्यात नि पुढचा ब्रेक दाबल्यावर येतो. सपाट रस्त्यावर तालात टक टक कशी येईल?

एसटीतला_जुना
वाद नको. डबल स्टँडला लाव, न्यूट्रल कर, मागच्या टायरवर खडूने खूण कर आणि चाक हाताने सावकाश फिरव. प्रत्येक फेऱ्याला एक टक आली तर बेअरिंग किंवा ड्रममध्ये काही. दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदा आली तर चेन, कारण चेनचा एक वळसा पुरा व्हायला चाकाला तेवढं फिरावं लागतं. आणि गाडीवर अलीकडे कुठलं काम झालंय का?

गुहागरी_पुण्यात
दोन फेरे होऊन थोडं पुढे गेलं की एक टक. बरोबर पकडलंत काका. काम म्हणजे गेल्या आठवड्यात चेनसेट बदलला, पण तो नवीन आहे, म्हणून लिहिलं नाही.

सुटा_नट
🙏

एसटीतला_जुना
आता गाडी चालवू नकोस. चेनकव्हरचे नट १० च्या पान्याने सोड, खालचा अर्धा भाग काढ. चाक फिरवत चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी क्लिपवाली कडी) शोध, फोटो टाक.

गुहागरी_पुण्यात
फोटो टाकलाय. क्लिप अर्धी निसटून एकाच पिनवर तिरकी लटकतेय. कव्हरच्या आतल्या बाजूला एकाच रेषेत चकचकीत ओरखडा पडलाय. कव्हर काढल्यावर आवाज बंद.

एसटीतला_जुना
तेच. क्लिप सुटली, वरची पट्टी बाहेर सरकली आणि कव्हरला घासायला लागली. चालत्या गाडीत लॉक निघालं असतं तर चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी (दातेरी चक्रापाशी) गोळा होते. इंजिनचं केसिंग फोडते, नाहीतर मागचं चाक जाम करते. आणि तू घाट उतरणार होतास. ती क्लिप परत दाबून बसवू नको, ताणलेली क्लिप धरत नाही. तुझ्या चेनच्या मापाचं नवीन लॉक घे, शक्यतो त्याच कंपनीचं. कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं.

चिकट_माणूस
लॉक बसवताना क्लिपचं बंद तोंड पुढे ठेवा.

सुटा_नट
पुढे म्हणजे चेन पळते त्या दिशेला. वरच्या बाजूला चेन इंजिनाकडे जाते, खालच्या बाजूला मागच्या चाकाकडे. कव्हरचा खालचा भाग काढून खालीच लॉक बसवणार असाल तर बंद तोंड मागच्या चाकाकडे यायला हवं. चेनसेट बदलताना गॅरेजवाल्याने बहुतेक उलटीच बसवली असणार. उघडं तोंड पुढे आलं की जरा कशाला अडकली तरी क्लिप उघडते.

चिकट_माणूस
मी तेच म्हणालो.

गुहागरी_पुण्यात
गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणतो चेनमध्येच फॉल्ट असेल. असो. लॉक आणलं, बसवलं, बंद तोंड तपासलं, चक्कर मारून आलो. आवाज नाही.

एसटीतला_जुना
चेन ताणून तपासलीस का? खाली मधोमध बोटाने वरखाली करून इंचभर हलली पाहिजे, एकाच जागी नाही, चाक फिरवत तीन-चार जागी. मागे माणूस बसल्यावर चेन आणखी ताणते, म्हणून फार टाइट करू नको. नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच, वाटेत एकदा बघ. कव्हरला तपासायचं भोक आहे, रबराचं बूच काढलं की दिसतं.

गुहागरी_पुण्यात
हो काका. माणगावला चहाला थांबतो तिथे बघेन.

बुलेटवेडा
एवढं खोललंच आहे तर टॅपेटही करून घ्या.

घाटवाला
म्हणजे ताम्हिणीनेच. गणपतीच्या गर्दीत माणगावला गाडी उभी करायला जागा मिळणार नाही. चेन आधीच, निजामपूरला बघून घ्या.