मदत हवी आहे: २२ जूनची अर्जेंटिना-ऑस्ट्रिया मॅच, टोरंटोमार्गे विमान घेऊ का?

उजवा_विंगर
अर्जंट आहे, आज रात्रीपर्यंत उत्तर हवंय. फिफाच्या सोडतीत २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकातल्या २२ जूनच्या अर्जेंटिना-ऑस्ट्रिया मॅचची तीन तिकिटं लागली, पैसेही कापले गेले. आता विमान. टोरंटोमार्गे भाडं बाकी सगळ्यांपेक्षा बरंच कमी दिसतंय. टोरंटोत पावणेदोन तासांचा थांबा, २१ तारखेला रात्री साडेनऊला डॅलस, २३ ला पहाटे परत. हे भाडं आज मध्यरात्रीपर्यंतच धरून ठेवलंय. घेऊन टाकू का? हॉटेल डॅलस डाउनटाउनला बघतोय, तिथून स्टेडियमला चालत जाता येईल ना? फक्त या दोन गोष्टी सांगा.

कॉर्नरफ्लॅग
थांबा, पैसे भरू नका. तिघांचे पासपोर्ट कुठले? अमेरिकेचा व्हिसा तिघांकडेही आहे का? कॅनडाचा कुणाकडे आहे? सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर) आहे की दोन वेगळी तिकिटं जोडली आहेत? हे कळल्याशिवाय टोरंटोबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही.

उजवा_विंगर
व्हिसाचं नंतर बघू, मॅचचं तिकीट आहे की हातात. मी फ्लाइटचं विचारलंय.

स्वीपर
मॅचचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. २०१८ ला रशियात फॅन आयडी होता, २०२२ ला कतारमध्ये हय्या कार्ड होतं, त्यावर देशात शिरता यायचं. त्यामुळे यंदाही तसंच असेल असं बरेच जण धरून चालले आहेत. यंदा तसं काही नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तिन्ही यजमानांचे व्हिसे वेगळे, नियम वेगळे. अमेरिकेने थेट फिफाकडून तिकीट घेतलेल्यांसाठी 'फिफा पास' काढलाय, पण त्याचा उपयोग मुलाखतीची तारीख लवकर मिळण्यापुरताच. मुलाखत, तपासणी आणि नकार देण्याचा अधिकार, सगळं नेहमीसारखंच.

निळीपांढरी
तीन तिकिटं लागली, जबरदस्त! पण २३ ला पहाटे परत कशाला फिरताय? २७ जूनला अर्जेंटिनाची जॉर्डनविरुद्धची मॅच त्याच स्टेडियमवर आहे. पाच दिवस थांबा, एका भाड्यात दोन मॅच होतील. आणि गट जिंकलो तर पुढची मॅच ३ जुलैला मायामीत, तिथपर्यंत ताणता आलं तर सोन्याहून पिवळं.

स्वीपर
@निळीपांढरी, गट जिंकलो तर. दुसरे आलो तर २ जुलैला लॉस एंजेलिस, आणि समोर स्पेन-उरुग्वेच्या गटातला विजेता. तिसरे आलो तर कुठे जायचं ते बाकीचे गट संपल्यावरच कळणार, कारण १२ गटांमधले सगळ्यात चांगले ८ तिसऱ्या क्रमांकाचे संघ पुढे जातात. बाद फेरीचं साधं तिकीट मॅच क्रमांकाचं असतं, संघाचं नाही. मायामीचं तिकीट घेतलं आणि संघ लॉस एंजेलिसला गेला तर दुसऱ्याच दोन संघांची मॅच बघावी लागेल. ज्याला विमानाचं भाडं वाचवायचंय त्याला हा सल्ला देऊ नका.

निळीपांढरी
अल्जीरिया, ऑस्ट्रिया, जॉर्डन. या गटात दुसरे कसे येऊ? मायामीच.

कॉर्नरफ्लॅग
'जे' गट (अर्जेंटिनाचा) जिंकण्याची चर्चा दुसऱ्या धाग्यावर. @उजवा_विंगर, पासपोर्ट आणि व्हिसा?

उजवा_विंगर
तिघेही भारतीय पासपोर्ट. माझ्याकडे आणि बहिणीकडे अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटक) व्हिसा आहे, २०३१ पर्यंत. मेव्हण्यांचा नाही. कॅनडाचा कुणाचाच नाही. आम्ही टोरंटोत विमानतळाबाहेर पडणारच नाही, मग कॅनडाचा प्रश्न कुठे येतो?

तिरपा_पास
बरोबर बोलताय. विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला व्हिसा लागत नाही. आणि अमेरिकेचा व्हिसा असला तर कॅनडाचा ईटीए (व्हिसाऐवजी चालणारी प्रवास परवानगी) ऑनलाइन मिळतो, कॅनडाने २०२३ मध्ये तशी सोय केली आहे. बिनधास्त घ्या.

कॉर्नरफ्लॅग
@तिरपा_पास, दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि यांचे पैसे बुडतील. २०२३ ची ईटीएची सोय ठरावीक १३ देशांच्या पासपोर्टसाठी होती. त्यात फिलिपिन्स आहे, थायलंड आहे, भारत नाही. विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नाही, पण अर्ज करावाच लागतो. तो नसेल तर निघतानाच चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास मिळणार नाही आणि भाडं परत मिळायचंही कारण नाही.

तिरपा_पास
युरोपात तर अमेरिकेचा व्हिसा दाखवून सोडतात.

कॉर्नरफ्लॅग
युरोपचा नियम युरोपात. लंडन किंवा फ्रँकफर्टला आतल्या आत विमान बदलताना अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो, म्हणूनच लोकांना वाटतं की सगळीकडे चालतो. कॅनडात नाही.
शिवाय टोरंटोला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. म्हणजे डॅलसच्या विमानात बसायच्या आधीच अमेरिकेची रांग लावायची. पावणेदोन तासांत पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की खेळ खलास.

स्वीपर
त्यापेक्षा डॅलस-फोर्टवर्थला थेट उतरणारं विमान बघा. लंडन, फ्रँकफर्ट, दोहा, दुबईहून जातात. अमेरिकेत दुसऱ्याच शहरात उतरून पुढे देशांतर्गत विमान घेणार असाल तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून बाहेर काढायचं, पुन्हा द्यायचं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. सामानाला शेवटच्या शहराचा टॅग लावलेला असला तरी उचलावं लागतं. टॅग बघून लोक सरळ पुढे जातात आणि बॅग मागे राहते. यासाठी तीन तास ठेवा, स्पर्धेच्या दिवसांत चार. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची तपासणी अबुधाबीतच होते आणि हा सगळा व्याप वाचतो.
एक पीएनआर हवाच. वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही.

उजवा_विंगर
बरं, टोरंटो सोडलं. पण २१ ला रात्री पोचलो तर चालेल ना? मॅच दुसऱ्या दिवशी आहे.

कॉर्नरफ्लॅग
मॅच दुसऱ्या दिवशी भर दुपारी १२ ला आहे, संध्याकाळी नाही. रात्री साडेनऊला विमान टेकलं तर इमिग्रेशन, सामान, हॉटेल धरून झोपायला एक वाजणार, आणि सकाळी आठच्या सुमाराला निघायचंय. त्यात विमानाला उशीर झाला तर मॅचच गेली. २० जूनला, शनिवारी पोचा. हॉटेलची एक रात्र जास्त लागेल, त्याला इलाज नाही.

गोलरेषा
हॉटेलच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. स्टेडियम डॅलसमध्ये नाही. तिकिटावर 'डॅलस स्टेडियम' लिहिलंय ते फिफाचं नाव, कारण प्रायोजकांची नावं ते वापरत नाहीत. ते खरं एटी अँड टी स्टेडियम, आर्लिंग्टन शहरात, डॅलस आणि फोर्टवर्थच्या मधोमध. डाउनटाउनहून तीसेक किलोमीटर. चालत जायचा प्रश्नच नाही. नकाशात 'डॅलस स्टेडियम' टाकून भलतीकडे जाऊ नका. फेअर पार्कमध्ये कॉटन बोल नावाचं जुनं मोठं स्टेडियम आहे आणि फिफाचा फॅन फेस्टिव्हलही त्याच पार्कमध्ये आहे, त्यामुळे तुमच्यासारखेच जर्सी घातलेले लोक तिकडे जाताना दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका.

आर्लिंग्टनला रेल्वे नाही. टीआरई नावाची गाडी डॅलसच्या युनियन स्टेशनहून फोर्टवर्थला जाते. मध्ये सेंटरपोर्ट स्टेशनला उतरायचं आणि तिथून स्टेडियमच्या बस, अशी आयोजकांची योजना आहे. म्हणून हॉटेल बघताना 'स्टेडियमपासून किती' हे बघू नका, 'टीआरईच्या स्टेशनपासून किती' हे बघा. अर्व्हिंगमध्ये दोन स्टेशनं आहेत आणि ते डाउनटाउन व सेंटरपोर्टच्या मधे पडतं. डाउनटाउनच हवं असेल तर युनियन स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. विमानतळाच्या टर्मिनल ए वरून डार्टची (डॅलसची शहरी रेल्वे-बस सेवा) ऑरेंज लाइन थेट डाउनटाउनला येते, टॅक्सीची गरज नाही.

जाणं सोपं असतं, लोक तीन तासांत विभागून येतात. परतताना हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. अ‍ॅपवरच्या टॅक्सीचे दर तेव्हा चढतात आणि गाडीला आत सोडत नाहीत, ठरलेल्या जागेपर्यंत चालावंच लागतं. मॅच संपल्यावर अर्धा-पाऊण तास जागेवरच बसून राहा. बाहेर ३५ अंशांच्या आसपास ऊन असणार, आत छत बंद आणि एसी चालू.

पेनल्टीस्पॉट
गाडी भाड्याने घ्या, एवढं बस-रेल्वे कशाला? मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवला की झालं.

गोलरेषा
@पेनल्टीस्पॉट, गाडी घेतली तरी पार्किंग मॅचच्या तिकिटासारखं आधी विकत घ्यावं लागतं, तिथे जाऊन पैसे देऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आणि भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर रक्कम अडकवून ठेवतात. हॉटेललाही तेच. डेबिट कार्डावर ती रक्कम खात्यातून खरोखर जाते आणि परत यायला दिवस लागतात. तिघांमध्ये किमान दोन क्रेडिट कार्डं ठेवा.

पेनल्टीस्पॉट
पार्किंगचं मान्य. तरी २७ ची मॅच रात्री ९ ला आहे, ती संपेपर्यंत ११ वाजून जातील. यंदा दोन्ही अर्धांत तीन-तीन मिनिटं पाण्यासाठी खेळ थांबणार आहे, तेही धरा. तेव्हा शेवटची रेल्वे चुकली तर गाडीवालाच सुखी.

गोलरेषा
यांच्याकडे २२ चं तिकीट आहे. २७ बद्दल निळीपांढरी यांनी विचार डोक्यात घातला, यांनी नाही.

हाफटाइम
मेव्हण्यांचा व्हिसा नसेल तर तिघांनी व्हँकुव्हर किंवा टोरंटोची एखादी मॅच का घेऊ नये? कॅनडाचा अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. मुलाखतीला सहसा बोलावत नाहीत. नाहीतर मेक्सिको आहेच.

स्वीपर
@हाफटाइम, अर्जेंटिना गटात कॅनडात किंवा मेक्सिकोत खेळतच नाही. कॅन्सस सिटी आणि मग दोनदा डॅलस. मेक्सिकोला अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो हे खरं, पण ज्याच्याकडे तो नाही त्याचंच तर बोलणं चाललंय.

कॉर्नरफ्लॅग
मूळ गाठ मेव्हण्यांची आहे, विमानाची नाही. आजच करायचं ते असं.

डीएस-१६० फॉर्म, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. १८५ डॉलर शुल्क भरायचं, नकार आला तरी ते परत मिळत नाही. मग तारीख घ्यायची. फॉर्मचा जो पुष्टी क्रमांक तारीख घेताना दिला, त्याच फॉर्मचा कागद मुलाखतीला न्यायचा. चूक दुरुस्त करायला लोक नवा फॉर्म भरतात आणि तारखेवर जुनाच क्रमांक राहतो, मग दारातून परत पाठवतात. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची, दुसऱ्या देशात जाऊन लवकरची तारीख पकडायची युक्ती आता चालत नाही. तिकिटं थेट फिफाकडून आहेत, तेव्हा खात्यात लॉगिन करून फिफा पासमध्ये मेव्हण्यांचं नाव देता येतं का ते बघा.

मुलाखतीत तिकीट हा हुकमाचा पत्ता समजू नका. नकार येतो तो बहुतेक कलम २१४(ब) खाली, म्हणजे 'हा माणूस परत जाईल' असं अधिकाऱ्याला पटलं नाही म्हणून. नोकरी, घर, आधीचे प्रवास यावर सरळ, थोडक्यात उत्तरं हवीत. तिकिटाने फक्त तारखा आणि कारण स्पष्ट होतं.

व्हिसा हातात येईपर्यंत मेव्हण्यांचं विमान आणि हॉटेल, दोन्ही फुकट रद्द करता येणारंच घ्या.

बेंचवरचा
एवढी कटकट नको असेल तर अधिकृत हॉस्पिटॅलिटी पॅकेज घ्या, 'ऑन लोकेशन' या कंपनीकडून. चांगल्या जागा, खाणंपिणं त्यातच.

स्वीपर
त्यांच्याकडे तिकिटं आहेत. आणि हॉस्पिटॅलिटी घेतली तरी व्हिसा तेच कार्यालय देणार.

उजवा_विंगर
फ्लाइट सोडून दिली, धरलेलं भाडं गेलं. आता दोन प्रश्न. मेव्हण्यांचा व्हिसा नाहीच झाला तर तिसऱ्या तिकिटाचं काय? आणि तिन्ही तिकिटं माझ्याच खात्यात आहेत, आत जाताना अडचण येईल का?

गोलरेषा
फिफाच्याच रिसेल मार्केटप्लेसवर विका. विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के कापतात. समजा ४०० डॉलरला लावलं तर तुमच्या हातात ३४० येतील आणि घेणारा ४६० देईल. दर ठरवताना घेणाऱ्याला काय दिसतं ते धरून ठरवा. बाहेरच्या संकेतस्थळावर विकू नका.
तिकिटं मोबाइलवरच आहेत, कागद नाही, स्क्रीनशॉट चालत नाही. जाण्याआधी ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर पाठवून ठेवा. तिघांची तिकिटं एका फोनमध्ये आणि तो फोन रांगेत बंद पडला तर तिघेही बाहेर. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून अ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर उघडून तिकीट दिसतंय का ते बघूनच निघा. पिशवी पारदर्शक लागते, १२ × ६ × १२ इंचांची. पाठीवरची सॅक हॉटेलवरच ठेवा.

उजवा_विंगर
मेव्हण्यांचा फॉर्म उघडला. 'सोबत कोण प्रवास करणार' यात आमची नावं घालू की एकटे दाखवू? एकटे दाखवलं तर सोपं जाईल असं एक जण म्हणतोय.

कॉर्नरफ्लॅग
घाला, दोघांचीही, नात्यासकट. तिकिटं तुमच्या खात्यावर आहेत, मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल आणि फॉर्मशी उत्तर जुळलं नाही तर संपलं. वर दिसणारा अर्ज क्रमांक आधी लिहून घ्या, वीस मिनिटं काही केलं नाही की फॉर्म बंद होतो आणि क्रमांक नसेल तर पुन्हा पहिल्या पानापासून.