मदत हवी आहे: पीनट बटरची सँडविच बिस्किटं दुसऱ्या दिवशी सादळतात, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, मी गुहागरच्या जवळ राहते, घर समुद्राला इतकं लागून की रात्री गाज ऐकू येते, त्यामुळे हवेत ओल किती असते ते किनाऱ्यावरच्यांना वेगळं सांगायला नको. श्रावणात तर बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, आणि मी नेमकं याच दिवसांत बिस्किटांच्या मागे लागलेय.

झालं असं की मुलगा चौथीत आहे, त्याला मधल्या सुट्टीत रोज क्रीमची बिस्किटं लागतात. एक दिवस सहज पाकीट उलटून वाचलं तर पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल. मग मला राहवेना. मे महिन्यात मुंबईहून जाऊबाई आल्या होत्या त्यांनी पीनट बटर भरलेल्या बिस्किटांचा पुडा आणला होता, तो मुलाने दोन दिवसांत संपवला, तेव्हा म्हटलं हेच घरी करू, दाणे तर आपल्या घरात कायम असतात, आणि पीनट बटर म्हणजे शेवटी दाण्याचं कूट तेल सुटेपर्यंत फिरवलेलं. मैदा नको, डालडा नको, साखर नको एवढंच ठरवलं होतं.

मी काय केलं ते सगळं सांगते म्हणजे चूक पकडता येईल. दाणे मंद आचेवर भाजले, सालं काढली, कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात थांबून थांबून फिरवले. आधी कूट, मग गोळा, मग एकदम सैल होऊन चकाकायला लागलं, ते छान झालं, त्याबद्दल तक्रार नाही. बिस्किटाला एक वाटी गिरणीवरची कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी हे पीनट बटर, पाऊण वाटी किसलेला गूळ, पाव वाटी साजूक तूप, अर्धा चमचा सोडा आणि मळायला लागेल तसं दूध, साधारण पाव वाटी गेलं असेल. जाडसर लाटून छोट्या वाटीने कापली आणि ओटीजीत १८० वर १५ मिनिटं. मध्ये भरायला पीनट बटर, दोन चमचे मध आणि दोन चमचे खोबरेल तेल, कारण एका व्हिडिओत सांगितलं होतं की खोबरेल तेलाने सारण घट्ट बसतं.

आता तक्रारी. ताजी होती तेव्हा चव अप्रतिम, पण बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली, खालून करपली आणि वरून मऊच. दुसऱ्या दिवशी सकाळी तर पोळीसारखी वाकत होती. सारण बाजूने ओघळून डब्याच्या तळाशी तेल. मुलाने डबा तसाच परत आणला, म्हणाला आई चव चांगली आहे पण हाताला सगळं चिकट होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून बोलला असेल पण मला फार लागलं. मध्ये दोनदा लाईट गेली ती वेगळीच. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांनाही चहाबरोबर एखादं देता यावं अशी इच्छा आहे म्हणून गूळ घातला. कोणी किनारपट्टीवर राहून पावसाळ्यात अशी बिस्किटं केली आहेत का? गणपतीला मुंबईची सगळी मुलं येणार आहेत, त्याआधी जमायला हवं.

प्रतिसाद

ताई, मी वेंगुर्ल्याची, तुमच्याइतकीच ओल आमच्याकडे. माझ्या मते तुमची चूक एक नाही, तीन ठिकाणी पाणी शिरलंय. पहिलं दूध. बिस्किटाच्या पिठात दूध पाव वाटी म्हणजे फार, आणि गिरणीवरच्या कणकेत कोंडा असतो तो ते धरून ठेवतो, १५ मिनिटांत जाड बिस्किटातून बाहेर निघत नाही. दुसरं गूळ. कुठला वापरलात? चिकीचा असेल तर तो मुळातच ओला आणि हवेतलं पाणी ओढणारा. तिसरं मध, ते तर सगळ्यात वाईट, मधात सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणीच असतं, ते सारणातून हळूहळू बिस्किटात उतरतं. नुसत्या पीनट बटरमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते रात्रभर बिस्किटाला लागून राहिलं तरी बिस्किट मऊ पडत नाही. हे एकदा लक्षात आलं की निम्मं काम झालं.

आणि खोबरेल तेलाचं ऐकू नका. तो उपाय थंड हवेच्या लोकांचा. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या वर पातळ होतं, आपल्याकडे डिसेंबर जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर ते बाटलीत कधी गोठलेलं पाहिलंय का तुम्ही? मग सारण घट्ट कसं करणार! त्यापेक्षा पंढरपुरी डाळं मिक्सरला बारीक करून चाळून घ्या आणि पीनट बटरमध्ये मावेल तेवढं घाला. ते सुटलेलं तेल पिऊन घेतं, कच्चं लागत नाही, लाडवाच्या सारणासारखं मऊ पण आकार धरणारं होतं. गोडीला खारकेची पूड, डिंकाच्या लाडवांना आणतो तीच. चिमूटभर मीठ विसरू नका, दाण्याची चव त्यानेच उठते.

प्रतिसाद (धागा काढणारी)

अगदी बरोबर पकडलंत ताई, गूळ चिकीचाच होता, घरात तोच होता म्हणून घातला. खोबरेलचं तर डोक्यातच आलं नाही आणि रोज तेच तेल मुलाच्या डोक्याला लावते. पण मग दूध नाही घातलं तर गोळा होईल का? नाचणीमुळे आधीच भगराळ वाटत होतं.

प्रतिसाद

मी चिपळूणला छोटी बेकरी चालवतो, लाकडाची भट्टी आहे, दिवाळीत लोक नानकटाईचं सामान घेऊन येतात त्यांना भाजून देतो. तुमचं उत्तर असं की गोळा दुधाने नाही तर तुपाने आणि दाण्याच्या तेलाने व्हायला हवा. मुठीत दाबलं की मुटका झाला पाहिजे आणि बोटाने ढकललं की मोडला पाहिजे, मोदकाच्या उकडीसारखा चिकट नको. फारच कोरडं वाटलं तर एक चमचा दूध, दुसरा नको. नाचणीचं पीठ आधी कढईत कोरडं भाजून गार करून घ्या, त्याची ओल आणि कच्चा वास दोन्ही जातं. आणि मळू नका हो, नुसतं एकत्र करा, कणीक जितकी मळाल तितका चिवटपणा येतो, तो पोळीला हवा, बिस्किटाला नाही.

पसरायचं कारण सोडा जास्त आणि तूप पातळ. गुळात आंबटपणा असतो, सोड्याशी तो लगेच धरतो, फुगवतो आणि रंगही लवकर आणतो, म्हणून तुमची खालून करपली. पाव चमचा पुष्कळ झाला. तूप थिजलेलं घ्या, गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग शंकरपाळ्यापेक्षा जरा पातळ, अंदाजे ४ मिलिमीटर लाटा आणि काट्याने टोचे मारा म्हणजे वाफ बाहेर पडते.

भाजताना घाई नको. १८० सोडा, १५० वर २० मिनिटं, मग ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवून त्यातच गार होऊ द्या. बेकरीत खारी आणि टोस्ट पुन्हा मंद भट्टीत ठेवतो ते त्याचसाठी, आधी भाजायचं आणि नंतर वाळवायचं ही दोन वेगळी कामं आहेत. कोकणात पावसाळ्यात दुसरं काम टाळून चालत नाही. एवढं करून बिस्किटं मऊ पडलीच तर घाबरू नका, १२० वर दहा मिनिटं ठेवा, परत कडक होतात, पण सारण भरायच्या आधी.

लाईट गेली तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि ताटलीत बिस्किटं ठेवून मंद आचेवर करा. कुकर वापरू नका असं मी सांगेन, कोरडा तापवून रिंग न काढता लोक बसवतात ते धोक्याचं आहे.

प्रतिसाद

कृती छान सुधारेल पण शुगरबद्दल थोडं बोलते कारण मी आहाराचं काम करते आणि हा गैरसमज रोज ऐकते. ताई, गूळ म्हणजे साखरच. १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी, साखरेतही जवळपास तेवढ्याच, थोडं लोह वगैरे असतं पण सासऱ्यांच्या रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. खारकेचंही तेच, मध तर विचारूच नका. त्यामुळे ‘गुळाचं आहे, दोन घ्या’ असं कृपया म्हणू नका. जे खरोखर बदलतं ते गोडाचं प्रमाण. दीड वाटी पिठाला तुमचा पाऊण वाटी गूळ फार होता, पाव वाटीवर आणा, दाण्याला स्वतःची गोडी असते, आठवड्यात जिभेला सवय होते.

चांगलं काय आहे तेही सांगते. दाण्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रोटीन, नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर, वाढत्या मुलाला दोन्ही हवं. पण त्याच दाण्यात निम्मं तेलही असतं, म्हणून सारण एका बिस्किटाला एक छोटा चमचाच, साधारण ३० कॅलरी. मुलाला दोन जोड्या पुरे. सासऱ्यांना एकच, तेही जेवणानंतर नाही तर चार वाजता, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. पावसात दाणे निवडून घ्या, सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे सरळ टाका, भाजल्याने बुरशीचं विष जात नाही. आणि मुलं डबे वाटून खातात, तेव्हा वर्गात कोणाला दाण्याची अॅलर्जी नाही ना हे बाईंना एकदा विचारा, काहींना ती जिवावर बेतते.

प्रतिसाद

मधेच विचारते, श्रावणी सोमवारला चालतील अशी करता येतील का? दाणे तर उपासाला चालतात.

प्रतिसाद

कणीक आणि नाचणीऐवजी राजगिऱ्याचं पीठ घ्या, सोडा वगळा. फार ठिसूळ होतात म्हणून सारण न भरता नुसतीच खा.

प्रतिसाद (धागा काढणारी, पाच दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार, आता सविस्तर सांगते. शृंगारतळीच्या बाजारातून पंढरपुरी डाळं, खारकेची पूड आणि गूळ पावडर आणली. कणीक एक वाटी, भाजलेलं नाचणीचं पीठ अर्धी वाटी, पीनट बटर अर्धी वाटी, थिजलेलं तूप पाव वाटी, गूळ पावडर पाव वाटी, सोडा पाव चमचा, मीठ. दूध एकच चमचा लागलं. लाटताना कडा चिरत होत्या म्हणून पोळपाटावर बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून लाटलं, मग जमलं. १५० वर २० मिनिटांनीही मध्ये किंचित मऊ होती, आमचा ओटीजी जुना आहे, तेव्हा अजून चार मिनिटं दिली आणि दार उघडं ठेवून आतच गार केली.

रविवारी केली, आज गुरुवार. न भरलेली बिस्किटं स्टीलच्या घट्ट डब्यात, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून, अजून मोडताना आवाज येतोय, बाहेर तीन दिवस पाऊस थांबलेला नाही तरी! मुद्दाम एक जोडी रात्री भरून ठेवली होती तीही सकाळी कडकच निघाली, वेंगुर्ल्याच्या ताईंचं मधाचं म्हणणं अगदी खरं. तरी डब्यासाठी मी सकाळी पोळ्या झाल्या की भरते, पाच मिनिटांचं काम आहे. सारण अजिबात ओघळलं नाही. बाईंना विचारलं, वर्गात अॅलर्जी कोणाला नाही. मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला गोड कमी आहे, त्यावर मी काही बोलले नाही, काल त्याने मित्रांसाठी दोन जास्त मागून नेली.

सासऱ्यांना सांगितलं की गूळ म्हणजे साखरच आहे, त्यांना ते आवडलं नाही पण ऐकून घेतलं. आता चार वाजता कोऱ्या चहाबरोबर एक, सारण न भरता. डॉक्टरांना पुढच्या तपासणीला विचारणार आहे.

एक शेवटचं विचारते, गणपतीला चाळीसेक जोड्या लागतील, किती दिवस आधी करून ठेवू?

प्रतिसाद (चिपळूण, बेकरीवाला)

ऐंशी बिस्किटं म्हणजे तुमच्या छोट्या ओटीजीत चार पाच घाणे, एका दिवसात दमाल. तीन चार दिवस आधी दोन दुपारी करा, आणि डबा सारखा उघडू नका, मुलं आली की दर दहा मिनिटांनी झाकण उघडतं आणि तिथेच ओल शिरते, म्हणून दोन डबे करा, एक उघडायचा आणि एक बंद. सारणही पावसात बाहेर ठेवू नका, काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, दाण्याचं तेल आहे, खवट होतं. भरायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा म्हणजे लावताना बिस्किट मोडणार नाही. आणि ऐनवेळी लाईट गेलीच तर पीठ डब्यात भरून इकडे पाठवून द्या, भट्टीत भाजून देतो.