ती काळी मखमल ॲक्वाटिंटची नाही

इंग्रज छापचित्रकार फ्रान्सिस सीमोर हेडनच्या 'अ सनसेट इन आयर्लंड' (१८६३) या छापचित्रातली मखमलीसारखी काळी, गर्द झाडी ॲक्वाटिंटने (पत्र्यावर राळेची भुकटी चढवून ॲसिडने सलग छटा उमटवण्याच्या पद्धतीने) केली असावी, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही तसं वाटत. ते एचिंग आणि ड्रायपॉइंट आहे.

एचिंगमध्ये सुई तांब्याच्या पत्र्यावरचा फक्त मेणाचा थर खरवडते, तांबं खातं ते ॲसिड. ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट तांब्यात घुसते आणि नांगराच्या तासाला माती उलटावी तशी रेघेच्या कडेला धातूची बारीक धार उभी राहते. शाई तिथे अडकते. कागदावर रेघ फुटून पसरल्यासारखी उमटते, ती ही मखमल. पण दाबयंत्राखाली ही धार लवकर झिजते. म्हणून सुरुवातीच्या प्रतींत झाडी काळीभोर, नंतरच्यांत नुसतं रेघांचं जाळं. दोन प्रती शेजारी ठेवून पाहा, पटेल.

हेडन पेशाने सर्जन, चित्रकार व्हिसलरचा मेहुणा. निसर्गासमोर बसून थेट पत्र्यावर रेखाटावं, हा त्याचा आग्रह. (म्हणजे छाप आरशातल्यासारखी उलटी, हे आलंच!) मला मात्र झाडीपेक्षा त्यातलं पाणी आवडतं. तिथे त्याने बराचसा कागद कोराच सोडलाय.